गोळीला दिलेली सुट्टी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका त्रेचाळीस वर्षांच्या वाचकांना सात वर्षांपूर्वी एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं. तेव्हापासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा औषधोपचार, सुरू आहे. सध्या टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा घेतात. पाच वर्षांहून जास्त काळ व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडणार नाही इतका कमी होता. औषधाचा अतिवापर केला की रेझिस्टन्स येतो, म्हणजे औषध लागू पडेनासं होतं, असं त्यांनी अँटिबायोटिक्सबद्दल वाचलं आणि गेलं वर्षभर सोमवार ते शुक्रवार गोळी, शनिवार-रविवार शरीराला ‘विश्रांती’ असा क्रम ठेवला. मध्ये एका प्रवासात ही विश्रांती तीन आठवडे लांबली. आता व्हायरल लोड ३,८०० आला आहे. ‘गोळ्या चुकतात का?’ असं डॉक्टरांनी विचारल्यावर ते ‘नाही’ म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. पत्नी एचआयव्ही निगेटिव्ह आहे, तिला आजाराची पूर्ण कल्पना आहे, विषाणू दबल्यावर दोघांनी कंडोम थांबवला आहे, पण हा नवा रिपोर्ट तिला माहीत नाही. ते विचारतात: औषध निकामी झालं का? जास्त पॉवरफुल औषध मागून घ्यावं का? तपासणीआधी महिनाभर रोज गोळी घेऊन रिपोर्ट सुधारला, तर कोणाला काही सांगायची गरज उरेल का?

उत्तर:

औषध निकामी झालं का, याचं उत्तर आज कोणीच छातीठोकपणे देऊ शकणार नाही. पण बहुधा ते ‘नाही’ असंच निघेल. डोल्युटेग्राविर हे औषध विषाणूला सहजासहजी दाद देत नाही. गोळ्यांत खंड पडून व्हायरल लोड वर गेलेल्या बहुतेकांचा तो रोजची गोळी पुन्हा नीट सुरू झाली की खाली येतो. ‘बहुतेकांचा’ हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण या औषधालाही रेझिस्टन्स येतो, आणि आला की पुढची वाट अवघड होते. तेव्हा धीर धरा, पण निर्धास्त राहू नका.

तुम्ही निष्काळजी आहात असं पत्र वाचून मला एकदाही वाटलं नाही. तुम्ही रेझिस्टन्स टाळायला म्हणूनच गोळ्या कमी केल्या. काळजी घ्यायला गेलात आणि नेमकं उलटं झालं. गफलत आहे ती ‘शरीराला औषधाची सवय होते’ या समजुतीत, आणि ती तुमच्या एकट्याची नाही. समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यावर सविस्तर लिहायला हवं.

शरीराला सवय होते ती झोपेच्या गोळ्यांची, काही वेदनाशामकांची. रेझिस्टन्स मात्र शरीराला येत नाही, विषाणूला येतो. सात वर्षं घेतलीत म्हणून तुमचं शरीर या गोळीला सरावलेलं नाही, आणखी वीस वर्षं घेतलीत तरी सरावणार नाही. त्यामुळे ‘शरीराला विश्रांती’ दिली तेव्हा ती शरीराला मिळालीच नाही. विषाणूला मोकळीक मिळाली.

त्या मोकळिकीत काय होतं ते पाहा. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर अवघा ९,७०० अक्षरांच्या आसपास असतो. पेशीत शिरल्यावर त्याची नक्कल उतरवण्याचं काम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम करतं. ते भराभर लिहितं आणि लिहिलेलं पुन्हा तपासत नाही, त्यामुळे चुका राहतात. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. यातल्या बऱ्याच चुकांनी विषाणूच लंगडा होतो. पण एखादी चूक अशा जागी पडते की औषध जिथे चिकटायचं तिथे ते चिकटत नाही. लॅमिव्हुडिनचं उदाहरण घ्या. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमध्ये १८४ व्या जागी झालेला एकच बदल त्याची ताकद जवळजवळ संपवतो. तो बदल व्हायला मजकुरातलं एक अक्षर चुकलं तरी पुरतं.

आता समजण्यापुरता एक ढोबळ हिशेब मांडू. नेमकं हवं तेच अक्षर चुकण्याची शक्यता एक लाखात एक धरली, तर १,००० कोटींपैकी रोज एक लाख विषाणू एका औषधाला न जुमानणारे निघतील. दोन औषधांना न जुमानणारा रोज एखादा निघेल. आणि तिन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा विषाणू आपोआप तयार व्हायला लाखभर दिवस, म्हणजे पावणेतीनशे वर्षं लागतील. प्रत्यक्षातलं गणित याहून गुंतागुंतीचं आहे, पण तीनच औषधं का आणि ती एकत्रच का, हे यातून कळतं. एका दाराला तीन कुलपं आहेत आणि तिन्ही एकाच वेळी लागलेली असावी लागतात.

हे शहाणपण सहज हाती आलेलं नाही. पहिलं औषध, झिडोव्हुडिन, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालं. सुरुवातीला ते दर ४ तासांनी, रात्री गजर लावून उठूनसुद्धा घ्यावं लागे. लोकांनी ते घेतलं, कारण दुसरं काही नव्हतंच. १९८९ साली त्याला न जुमानणारे विषाणू रुग्णांच्या रक्तात सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तुम्ही आज स्वतःला जो बोल लावता आहात, त्यासाठी ही माणसं मला मुद्दाम आठवतात. नेमाने, रात्री उठून औषध घेणाऱ्यांनाही रेझिस्टन्स आला, कारण दाराला कुलूप एकच होतं. त्यांच्या वागण्यात काही खोट नव्हती. पुढे १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार रुजला आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं.

मग अँटिबायोटिक्सबद्दल तुम्ही जे वाचलं ते खोटं होतं का? नाही, ते अर्धं होतं. जंतूला औषध पूर्ण मिळालं तर तो वाढत नाही. औषध अजिबात मिळालं नाही तर तो वाढतो, पण औषधाला चुकवणाऱ्याला कसलाही विशेष फायदा नसतो. धोक्याची जागा या दोहोंच्या मध्ये आहे, जिथे औषध आहे पण अपुरं आहे आणि विषाणू त्यातही वाढतो आहे. तिथे साधा विषाणू मागे पडतो आणि औषधाला चुकवणारा पुढे निघतो. तुमचं शनिवार-रविवारचं वेळापत्रक, नकळत का होईना, दर आठवड्याला याच जागेवरून जात होतं. शिवाय तिन्ही औषधं अंगातून एकाच वेगाने उतरत नाहीत. डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण साधारण १४ तासांत निम्म्यावर येतं, टेनोफोविरचा अंश पेशींमध्ये त्याहून खूप जास्त काळ टिकतो. म्हणजे सोमवारची गोळी घेईपर्यंत काही कुलपं उघडी, काही बंद.

पाच वर्षं विषाणू सापडत नव्हता, मग वाढला कोण? ‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ असं नव्हे. विषाणू काही पांढऱ्या पेशींच्या जनुकांत आपली प्रत ठेवून गप्प बसतो. पेशी झोपलेली असेपर्यंत तोही झोपलेला. आजची औषधं नक्कल उतरवणाऱ्या विषाणूवर चालतात, झोपलेल्या प्रतीवर नाही. म्हणून उपचार थांबवला की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू परत दिसू लागतो. आणि हीच गोष्ट रेझिस्टन्सबद्दल सगळ्यांत जास्त ध्यानात ठेवण्याजोगी आहे: औषधाला न जुमानणारा विषाणू एकदा तयार झाला, तर त्याचीही प्रत या साठ्यात जमा होते. पुढे तपासणीत तो दिसला नाही तरी पुसला गेला असं धरता येत नाही.

तुम्ही म्हणाल, ठरवून सुट्टी देण्याचे प्रयोग झाले आहेत की. झाले आहेत. २००६ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘स्मार्ट’ अभ्यासात ५,४७२ जण होते. सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशी) चांगल्या असताना औषध थांबवायचं आणि घसरल्या की पुन्हा सुरू करायचं, असं त्यातल्या एका गटात केलं. त्या गटात आजारपण आणि मृत्यू जास्त दिसले, म्हणून हा प्रयोग ठरल्याआधीच थांबवावा लागला. याउलट आठवड्यातले चार किंवा पाचच दिवस गोळी देण्याचे काही अलीकडचे अभ्यास निवडक रुग्णांत बऱ्यापैकी यशस्वीही झाले. हे तुमच्यापासून लपवत नाही. पण ती माणसं पारखून घेतलेली होती, आधी रेझिस्टन्स नसलेली होती आणि त्यांच्या तपासण्या ठरलेल्या दिवशी होत होत्या. तुमच्या सुट्टीचा डॉक्टरांना पत्ताही नव्हता. आणि आता ३,८०० आकडा आल्यावर तो मार्ग तुमच्यासाठी बंद आहे असंच समजा.

‘पॉवरफुल’ औषधाबद्दल. तुम्ही घेता तेच आज जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या पसंतीचं म्हणून सांगितलेलं औषध आहे. दुसऱ्या फळीतली औषधं वरची, जास्त जोरदार, असा क्रम नसतो. ती आपल्यासाठी राखून ठेवलेली असतात. अनेकदा त्यात गोळ्या जास्त आणि त्रासही जास्त असतो. मुख्य म्हणजे, दोन दिवस गोळी न घेण्याची रीत तीच राहिली तर नवं औषधही त्याच वाटेने जाईल, आणि मग राखीव काही उरणार नाही.

इथे तुमचं ते ‘नाही’ येतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकतात का. तुमच्या चुकत नव्हत्याच, तुम्ही ठरवून घेत नव्हता. म्हणून ‘नाही’ म्हणताना आपण खोटं बोलतोय असं कदाचित त्या क्षणी वाटलंही नसेल. पण त्या उत्तराने काय होतं ते डॉक्टरांच्या खुर्चीत बसून पाहा. व्हायरल लोड १,००० च्या वर गेला की त्यांच्यापुढे दोन शक्यता असतात: गोळी पोटात जात नाही, किंवा जाते पण काम करत नाही. तुम्ही पहिली शक्यता खोडून टाकलीत. आता त्यांना दुसरीच खरी मानावी लागेल. चांगलं औषध विनाकारण बदललं जाईल आणि खरं कारण जागच्या जागी राहील.

आणि तपासणीआधी महिनाभर चोख गोळी घेण्याचा तुमचा बेत? तो अमलात आला तर आकडा खाली येईलही. डॉक्टर समाधानाने मान हलवतील, तुम्ही सुटकेचा श्वास सोडाल, आणि आतमध्ये एखाद्या औषधाला न जुमानणारा विषाणू वाढायला लागलेला असेल तर तो आणखी काही महिने कोणाच्या लक्षात येणार नाही. काही जण याच्या उलटं करतात. आता नाहीतरी तपासणी होणारच, म्हणून तोवर गोळ्या पूर्ण बंद ठेवतात. तेही घातक आहे. रेझिस्टन्सची जनुकीय तपासणी औषध चालू असताना, किंवा थांबवल्यावर चारेक आठवड्यांच्या आत करावी लागते. नंतर साधा विषाणू पुन्हा सगळीकडे पसरतो, बदललेला त्याच्या गर्दीत झाकला जातो आणि रिपोर्ट फसवा स्वच्छ येतो. म्हणून तिसरा, सरळ मार्ग घ्या. आजपासून रोज गोळी, आणि तीन महिने पूर्ण व्हायची वाट न बघता डॉक्टरांची भेट.

काय बोलायचं हे सुचत नसेल तर एवढं पुरे: ‘मागच्या वेळी मी पूर्ण सांगितलं नव्हतं. वर्षभर मी शनिवार-रविवार गोळी घेतली नाही, आणि एकदा तीन आठवडे सलग घेतली नाही. अमुक तारखेपासून रोज घेतोय.’ बोलवत नसेल तर कागदावर लिहून पुढे ठेवा. खंड नेमका कधी पडला त्या तारखा आठवतील तेवढ्या लिहा, तीन आठवड्यांच्या प्रवासाच्या तर नक्कीच. डॉक्टर रागावतील ही भीती मला समजते. काही जण रागावतातही, आणि ते चुकतात. पण या माहितीवाचून त्यांना अंधारात तीर मारावा लागेल.

पत्रात तुम्ही जाता जाता आणखी एक लिहिलं आहे: रात्री जेवणानंतर गोळी घेता आणि लगेच अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध पिता. कदाचित तुम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल, पण मी तिथे थबकले. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली अशी औषधं डोल्युटेग्राविरला आतड्यातच बांधून ठेवतात, ते रक्तात पुरेसं पोहोचत नाही. डोल्युटेग्राविर अशा औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायचं असतं. म्हणजे सोमवार ते शुक्रवारही औषध अंगाला पुरतं लागत होतं की नाही, अशी शंका येते. ती बाटली डॉक्टरांना दाखवा. बाकीच्या वाचकांसाठीही सांगते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, टीबीवरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची काही औषधं, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, यांपैकी काहीही सुरू असेल किंवा होणार असेल तर आधी विचारा. काहींत वेळ बदलावी लागते, काहींत मात्रा. रिफाम्पिसिन सुरू असताना डोल्युटेग्राविर साधारणपणे दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, ज्यापाशी मला यायचंच होतं. ‘शनिवारी गोळी नसली की दोन दिवस मी आजारी माणूस नसतो.’ मला वाटतं, अँटिबायोटिक्सचा तर्क तुम्ही नंतर जोडलात. आधी हे वाटणं होतं. सात वर्षं रोज एक गोळी म्हणजे अडीच हजारांहून जास्त वेळा स्वतःला आठवण करून देणं. त्याचा शीण येणारच. तो बोलून दाखवायला जागा मिळाली नाही की माणूस त्याला शास्त्राचे कपडे घालतो. हा शीण डॉक्टरांना सांगा, समुपदेशकाला सांगा, तुमच्यासारखाच उपचार घेणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याच्याशी बोला. गोळीची वेळ बदलून पाहता येईल. व्हायरल लोड पुन्हा दबला आणि तुमच्याकडे उपलब्ध असेल तर दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचीही चौकशी करता येईल. पण त्याची तारीख चुकली की औषधाचा अंश कित्येक महिने अंगात रेंगाळतो, म्हणजे पुन्हा तीच अपुऱ्या औषधाची जागा. त्यामुळे तो निर्णय घाईने घेऊ नका.

पत्नीला सांगायलाच हवं, आणि लवकर. यात मला दुसरी बाजू दिसत नाही. विषाणू दबलेला असताना कंडोम थांबवण्याचा तुमचा दोघांचा निर्णय बरोबर होता. २०१६ साली आलेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात अशी ८८८ जोडपी होती आणि एचआयव्ही असलेल्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण त्यात आढळली नाही. पण तो भरवसा दबलेल्या व्हायरल लोडवर उभा आहे. ३,८०० ला तो लागू नाही. लागणीचा धोका फार मोठा आहे असं मी म्हणत नाही, पण तो किती पत्करायचा हे त्यांनाही ठरवता आलं पाहिजे. आकडा परत दबल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कंडोम वापरा. त्यांची एचआयव्ही तपासणी आता करा आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा करा. गेल्या ७२ तासांत कंडोमशिवाय संबंध आला असेल तर थांबू नका, लागण टाळण्यासाठीची औषधं त्या मुदतीतच सुरू करावी लागतात. पुढच्या काही महिन्यांसाठी त्यांनी प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध, घ्यावं का, हेही विचारा. सात वर्षं ज्यांनी तुमच्याबरोबर हे निभावलं, त्यांना हा रिपोर्ट दुसऱ्या कोणाकडून किंवा कपाटातल्या फाइलीतून कळू नये.

रोजच्या व्यवहारातलं थोडं. गोळी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर मात्र तेवढी सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका. सात कप्प्यांची डबी तुमच्यासारख्याला उपयोगी पडेल, कारण तिच्यात शनिवार-रविवारचे कप्पेही भरावेच लागतात आणि रिकामे झाले की नाही ते दिसतं. प्रवासात ठरल्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त गोळ्या ठेवा, हातातल्या पिशवीत. तीन आठवड्यांचा तो खंड गोळ्या संपल्यामुळे पडला की ठरवून, हे पत्रातून मला कळलं नाही. संपल्यामुळे असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यावर उपाय वेगळा आहे. आणि हेपटायटिस बी ची तपासणी झाली आहे का ते फाइलीत बघा. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबतात. तो असेल तर ही गोळी अचानक थांबवल्याने यकृताला गंभीर सूज येऊ शकते.

आधी आजची गोळी घ्या, अ‍ॅसिडिटीच्या औषधापासून लांब. मग खंडाच्या तारखा कागदावर उतरवा. भेटीची वेळ या आठवड्यातली घ्या, आणि जमलं तर पत्नीला बरोबर न्या. त्यांचेही काही प्रश्न असतील.